आण्णांची पाठ आणि जिल्हाभरचे पाहुणे

दुपारी ड्यूटीवर आले तेव्हा पाठ स्वच्छ होती. संध्याकाळी बॅक केअर द्यायला आण्णांना दुसऱ्या कुशीवर घेतलं, तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. मी त्यावर बोट दाबलं आणि काढलं. चांगल्या कातडीवर असं केलं की जागा क्षणभर पांढरी पडते आणि मग पहिल्यासारखी होते. म्हणजे खालचं रक्त खेळतं आहे. इथे बोट काढलं तरी लाल ते लालच.

"सिस्टर, गप का झालासा?" आण्णांनी पलीकडे तोंड करून विचारलं.

"काही नाही. पडून राहा."

"पडूनच हाय की. दुसरं काय करतोय?"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात, नाव सांगत नाही, मी हाडांच्या वॉर्डला स्टाफ नर्स होते. आण्णा जयसिंगपूरजवळच्या एका खेड्यातले, साठीचे. शेती मुलं बघायची. आण्णांचा खरा उद्योग लग्नं जमवायचा. त्याचं ते काही घेत नसत. डोक्यावर फेटा आणि पहिल्या पंगतीत मानाचं पान मिळालं की गडी खूश. अशाच एका स्थळाची बोलणी करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परत येत होते. ट्रॉली खड्ड्यात आदळली आणि आण्णा उडून पाठीवर पडले. मणका मोडला. पाय हलेनात आणि कमरेखाली काही कळेना.

मणक्याला आधार म्हणून सळ्या बसवायच्या होत्या. त्या पुण्याहून यायच्या होत्या, शिवाय पडल्यामुळे छातीलाही मार होता, त्यामुळे ऑपरेशन थोडं पुढे गेलं होतं. आमचे डॉक्टर स्पष्ट बोलणारे. त्यांनी आण्णांना तोंडावर सांगितलं, "पाय परत येतील असं मी म्हणत नाही. पण मणका पक्का झाला तर तुम्ही बसू शकाल. खुर्चीत, गाडीत. नाही तर कायमचं आडवं."

"बसाय आलं की झालं, सायेब," आण्णा म्हणाले. "मांडवात मध्यस्थ आडवा पडून चालत न्हाई."

डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, मला पाठीतूनच आत जायचंय. पाठीवर जखम दिसली तर मी हात लावणार नाही. आधी ती भरायची, मग बघू. आणि तशी जखम भरायला किती महिने जातात ते तुम्हाला माहीत आहे."

मला चांगलंच माहीत होतं. आपण निरोगी माणसं झोपेतसुद्धा कूस बदलत असतो. एका जागी दुखायला लागलं की अंग आपोआप हलतं. ज्याला दुखणंच कळत नाही तो हलत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपून राहते, तिला रक्त मिळत नाही आणि ती मरते. त्यालाच बेडसोअर म्हणतात. बाहेरून बोट जाईल एवढं भोक दिसतं आणि आत मूठ मावेल एवढी पोकळी असते. एकदा पाहिलेलं माणूस विसरत नाही.

ते होऊ नये म्हणून बॅक केअर. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची. पाठ कोमट पाण्याने आणि साबणाने पुसायची, टॉवेलने टिपून कोरडी करायची. मग तळहाताने कमरेपासून खांद्यापर्यंत लांब हात फिरवायचे, खांद्यांवर गोल गोल, परत खाली. त्या वेळी आम्ही स्पिरिट आणि पावडर वापरायचो. आता स्पिरिट बंद झालं, त्याने कातडी कोरडी पडते. चादरीला सुरकुती नको, तिच्यावर बिस्किटाचा चुरा नको. आणि लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही, कारण आतून दुखावलेली कातडी चोळल्याने फाटते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नर्स मालीश करते आहे. मालीश निम्मंच असतं, निम्मं बघणं असतं.

आण्णांच्या बाबतीत कूस बदलणंही सोपं नव्हतं. मोडक्या मणक्याला पीळ पडून चालत नाही. तिघांनी मिळून, एकाने खांदे, एकाने कंबर, एकाने पाय धरून, ओंडका फिरवावा तसं सगळं अंग एकदम फिरवायचं. मी, दुसरी एक सिस्टर आणि वॉर्डबॉय मारुतीमामा. मामा नावालाच वॉर्डबॉय, वय पन्नाशीच्या पुढे. "एक, दोन, तीन" म्हणायचं काम त्यांचं. ते दुसऱ्या कुणाला म्हणू देत नसत.

तर एवढं सगळं करून डाग पडला. मी इन-चार्ज सिस्टरना सांगितलं. त्यांनी येऊन बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कांबळे, चार वाजता कूस बदलली होती का?"

"बदलली, बाई. डाव्या कुशीवर ठेवून गेले होते. भिंतीकडे तोंड."

"मग माकडहाड लाल कसं होतं? डाव्या कुशीवर माकडहाड टेकत नाही."

बरोबर होतं त्यांचं. मी दोन दिवस डोकं खाजवलं. डाग जरा फिका झाला की संध्याकाळी परत लाल.

तिसऱ्या दिवशी माझा पेन आण्णांच्या खोलीत राहिला म्हणून मी मधेच आत शिरले. बघते तर आण्णा चक्क उताणे, हात जोडून, तोंडभर हसत. भोवती सात-आठ पाहुणे. आण्णांच्या बायको, इंदूआक्का, पायांशी उभ्या राहून चादर नीट करत होत्या.

"यांना उताणं कुणी केलं?" मी ओरडले.

एक दणकट पाहुणा अभिमानाने म्हणाला, "आमीच की. दोगांनी धरलं, अल्लाद फिरवलं. जाताना परत कुशीवर ठिवतोय."

माझा संताप झाला. मोडक्या मणक्याच्या माणसाला दोन पाहुण्यांनी हवं तसं फिरवलं होतं. मी सगळ्यांना बाहेर काढलं. माझा आवाज मुळात बारीक नाही, त्या दिवशी तो खालच्या ओपीडीपर्यंत गेला म्हणे. मग आण्णांवर घसरले.

"आण्णा, ऑपरेशन पाहिजे का नको?"

"पायजे की."

"मग?"

"आवं सिस्टर, पावणं दत्तवाडवरनं आल्यात. दोन यष्ट्या बदलून. आन् मी त्यांच्याकडं पाठ करून भिताडाकडं बगत पडू? त्यास्नी काय वाटंल? आण्णा तोंड लपवाय लागला म्हंत्यात."

"वाटू दे."

"असं कसं वाटू दे? जल्मभर मान्सं जोडली मी."

इंदूआक्का पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मी सांगून दमलो, सिस्टर. ऐकत्यात व्हय माझं?" आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, 'दमलो', 'आलो', 'गेलो'. मला त्यांची कीव आली. दिवसभर पाहुण्यांना चहा सांगायचा, केळी ठेवायला जागा शोधायची आणि वर माझी बोलणी खायची.

इन-चार्ज सिस्टरनी सोपा उपाय केला. दारावर पाटी लावली, भेटायला मनाई. वॉचमनला ताकीद दिली. पण वॉचमनच्या मुलीचं लग्न आण्णांनीच जमवलेलं निघालं. तो पाहुण्यांना मागच्या जिन्याने सोडायला लागला. ते बंद केलं, तेव्हा आण्णा जेवेनात. भांडण नाही, तक्रार नाही. दोन घास खाऊन ताट सरकवायचे.

"आण्णा, जेवत का नाही?"

"भूक न्हाई."

"कातडीला आतून जेवण लागतं. तुम्ही उपाशी राहिलात तर मी बाहेरून कितीही पावडर लावली तरी ती फाटणार."

"फाटू द्या."

पाठीवर हात फिरवताना एरवी ते अखंड बोलायचे. माझी दोन पोरं शाळेत जातात हे माहीत असूनही, "सिस्टर, तुमचं अजून जमलं नसतं तर वारणंला एक झकास स्थळ हुतं," असं म्हणून चिडवायचे. त्या दोन दिवसांत अवाक्षर नाही. हाताखाली पाठ तीच होती, पण सैल पडलेली. मला खरंच वाईट वाटलं. ज्या माणसाने सगळा जन्म चार लोकांत काढला त्याला मी चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी ताट बघितलं आणि पाटी काढायला लावली. "पाहुणे येऊ देत. पाठ कशी सांभाळायची ते तुमचं तुम्ही बघा," म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

मग मी वेळा जुळवून बघितल्या. भेटायच्या वेळेला उजवी कूस, म्हणजे तोंड दाराकडे. हे आण्णांना पटलं. पण पाहुणे काही हॉस्पिटलच्या घड्याळाने येत नाहीत, ते एसटीच्या वेळेने येतात. सकाळी कुरुंदवाडचे, दुपारी हातकणंगल्याचे, संध्याकाळी आणखी कुठले. प्रत्येक वेळी, "सिस्टर, एवढं पावणं जाऊ द्या, मग फिरवा." चार दिवसांत माकडहाडाचा डाग गेला आणि उजवा खुबा लाल झाला. पुण्याहून सळ्या पोहोचल्याचा निरोप त्याच दिवशी आला. ऑपरेशन आता आठवड्यावर होतं.

त्या संध्याकाळी मी खुब्यावर बोट दाबून तशीच उभी राहिले. इंदूआक्का शेजारी होत्या.

"हे काय बगतासा तुमी रोज, बोट दाबून?"

मी त्यांना दाखवलं. आधी त्यांच्याच दंडावर, मग आण्णांच्या खांद्यावर, मग खुब्यावर. कुठे पांढरं होतं आणि कुठे होत नाही. त्यांनी दोनदा करून बघितलं. मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "हे भिताड नसतं तर बरं झालं असतं. पावणं हिकडनं बी बसलं असतं आन् तिकडनं बी."

खाट खिडकीच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेली होती. पहिल्याच दिवशी घरच्यांनी हट्टाने तशी लावून घेतली होती, वारा येतो म्हणून आणि माणूस पडणार नाही म्हणून. आम्हीही कधी हलवली नव्हती. खाट मूळची तिथलीच असावी असं सगळे वागत होतो. मी मारुतीमामांना हाक मारली.

इन-चार्ज सिस्टर आल्या तेव्हा खाट खोलीच्या मधोमध होती. दोन्ही बाजूंना ओपीडीतून उचलून आणलेली बाकडी.

"कांबळे, हे काय? खोली आहे का सभामंडप?"

"बाई, आण्णा कुठल्याही कुशीवर असले तरी पाहुणे त्यांच्या तोंडासमोर बसतील. फिरायचं पाहुण्यांनी. आण्णांनी आपल्या वेळेला फिरायचं."

"सर राउंडला आले तर?"

सर आलेच. खाटेभोवती एक चक्कर मारली. "दोन्हीकडून पेशंट बघता येतोय. राहू दे अशीच," म्हणाले. बाईंनी फक्त ओपीडीतली बाकडी परत द्यायची जबाबदारी माझ्यावर टाकली.

आता आण्णांना कूस बदलायला हरकत नव्हती. उलट ते वाट बघायला लागले. आम्ही तिघं आत शिरलो की ते समोरच्या बाकावरच्यांना म्हणायचे, "पावणं, उठा. आता तिकडच्या बाकाची पाळी." सगळे बाहेर जायचे, आम्ही पाठ करायचो, आण्णा दुसऱ्या कुशीवर जायचे. पाहुणे परत येऊन गुपचूप दुसऱ्या बाकड्यावर बसायचे. त्या खोलीत मी त्यानंतर आवाज चढवला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मात्र कसोटी लागली. ज्या स्थळाच्या बोलण्यांवरून परतताना आण्णा पडले होते, त्याचे दोन्हीकडचे लोक एकाच दुपारी आले. मुलगी कबनूरची, बापाचे घरात कापडाचे माग. मुलगा वारणानगरला नोकरीला. मध्यस्थच आडवा झाला म्हणजे हे स्थळ लाभत नाही, असं कुणीतरी मुलाच्या मामाच्या डोक्यात भरवलं होतं. मी पाठीवर साबण लावत असताना आण्णांनी हे सगळं मला सांगितलं.

"आण्णा, उद्या ऑपरेशन आहे. आज बोलणी नकोत."

"सिस्टर, उद्या भूल देणार. मागं काय अर्धं ठेवून जायाचं न्हाई मला."

मी एकच अट घातली. कूस ठरल्या वेळेला बदलायची, मग बोलणी कुठेही आलेली असोत. आण्णांनी कबूल केलं.

मुलीकडचे खिडकीच्या बाकड्यावर, मुलाकडचे दाराच्या. आण्णा आधी खिडकीकडे तोंड करून होते. मी औषधं द्यायला आत-बाहेर करत होते. मुलीचा बाप हळू बोलणारा, हातातली टोपी चुरगळत होता. आण्णा त्याला धीर देत होते. दाराच्या बाकड्यावरून मुलाचा मामा शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "ह्यांचंच नशीब धड न्हाई, ह्यांच्या शब्दावर किती जायचं?" समोर पाठ असली की माणसाला वाटतं, आपलं कुणी ऐकत नाही.

आण्णांनी मान न हलवता म्हटलं, "मामा, माझा मणका मोडलाय, कान न्हाई."

मुलाच्या बापाने मेहुण्याकडे असं बघितलं की मी ट्रे घेऊन बाहेरच आले.

थोड्या वेळात कूस बदलायची वेळ झाली. आम्ही तिघं आत गेलो. मामा, म्हणजे तो मुलाचा, तावातावाने काहीतरी सांगत होता. मला वाटलं, आज आण्णा ऐकणार नाहीत. त्यांनी हात वर केला.

"थांबा, पावणं. समदी भाईर व्हा. माझी पाठ करायची येळ झाली."

"आवं आण्णा, एवढं बोलणं..."

"बोलणं कुटं पळून जात न्हाई. कातडी जाती."

सगळे व्हरांड्यात गेले. मी पाठ बघितली. माकडहाड स्वच्छ. खुबा किंचित गुलाबी, पण दाबल्यावर पांढरा होत होता. मी जरा जास्तच वेळ हात फिरवला, खरं सांगायचं तर त्या पाठीवर माझा जीव जडला होता. बाहेर तोवर दोन्हीकडचे लोक एकाच व्हरांड्यात, मधे आण्णा नसताना, समोरासमोर उभे होते. मुलीच्या बापाने मुलाच्या मामाला तंबाखू विचारली म्हणे. मामाने घेतली. परत आत आले ते सगळे एकाच बाकड्यावर दाटीवाटीने, आण्णांच्या तोंडासमोर बसले. दुसरं बाकडं रिकामं राहिलं. इंदूआक्कांनी आण्णांच्या उशाखालून सुपारी काढून फोडायला दिली. ती तिथे कधीपासून ठेवली होती कोण जाणे, चादर मी रोज झटकत होते.

दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये आण्णांना पालथं घातलं. मी वॉर्डची, मला आत काम नव्हतं, तरी दारापर्यंत गेले. डॉक्टरांनी पाठ वरून खालपर्यंत बघितली आणि आतूनच म्हणाले, "कांबळे सिस्टर, ठीक आहे. जा आता." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पाय परत आले नाहीत. तसं आधीच सांगितलं होतं, तरी आण्णा एक दिवस रडले आणि मीही रडले. पण मणका पक्का झाला. उशा लावून, मग आधार धरून, मग चाकाच्या खुर्चीत ते बसायला लागले. बसणाऱ्यालाही बेडसोअर होतो, फक्त जागा बदलते. म्हणून घरी जाताना त्यांना शिकवलं, दर थोड्या वेळाने खुर्चीच्या हातांवर भार देऊन बूड उचलायचं, जरा थांबायचं आणि परत टेकायचं.

"मान्सांत बसल्यावर बी?" त्यांनी विचारलं.

"माणसांत बसल्यावर तर नक्की. तिथे तुम्ही विसरता."

ते लग्न पुढच्या उन्हाळ्यात जयसिंगपूरला होतं. मला आग्रहाची पत्रिका आली होती, मी गेले. मांडवाच्या तोंडाशी आण्णा फेटा बांधून चाकाच्या खुर्चीत बसले होते. येणाऱ्या पाहुण्यांची रीघ लागली होती. आणि मी बघते तर आण्णा मधेच दोन्ही हात रोवून खुर्चीतून वर उचलले जात होते. समोरचा पाहुणा घाईघाईने त्यांचे खांदे धरायचा. "आवं आण्णा, बसा बसा! आमच्यासाठी कशाला उठतासा?" तो गहिवरून जायचा. आण्णा थोडं थांबून परत टेकायचे.

मला बघितल्यावर परत उचलले गेले.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "पावण्यांचा मान बी ऱ्हातोय आन् कातडी बी."

एवढी वर्षं नोकरी करून मला एक गोष्ट कळली. पेशंटची सवय मोडायला गेलं की आपलीच ताकद जाते. त्या सवयीला कामाला लावावं, ती आपली ड्यूटी संपल्यावरही काम करत राहते.

तरी पाठ बघितल्याशिवाय माझं समाधान होईना. भर मांडवात ते कसं सांगणार? इंदूआक्कांना स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. त्यांच्या हातात बुंदीचं ताट होतं.

"आक्का, पाठ बघता ना?"

"रोज सकाळी बगतो की. बोट दाबून."

"पांढरं होतंय?"

"व्हतंय."

मग मी जेवायला बसले.